कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू होतोय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एसीचा कॉम्प्रेसर पाच-सात मिनिटं चालतो, बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. खोली काही गार होत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत या तक्रारीचे फोन रोज येतात आणि फोनवरच निदानही ऐकायला मिळतं: "गॅस संपलाय, भरून द्या." नवे मिस्त्रीसुद्धा दारात चप्पल काढायच्या आत पिशवीतून गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं साधन) काढतात. सगळ्यात जास्त नुकसान या घाईने होतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. रिमोटवर 24 लावलं आणि खोली 24 ला आली, की साध्या एसीचा कॉम्प्रेसर कट होणारच, तो दोष नाही. इन्व्हर्टर एसी तेव्हा बहुतेक वेळा वेग कमी करतो. खोली गरम असताना कट होत असेल तरच पुढचं वाचा.

न बघता गॅस भरणं

गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. ते बहुधा फ्लेअर नटच्या, म्हणजे तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या नटच्या, जोडावर सापडतं. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने खाल्लेल्या कॉइलवरही सापडतं. लीक न शोधता भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जातो, म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात.

आणि कित्येकदा तर गॅस कमी झालेलाच नसतो. कोथरूडमधल्या एका काकूंचा दीड टनाचा साधा एसी असाच वारंवार कट होत होता. आधीच्या माणसाने गेज लावलं, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) कमी दिसलं म्हणून गॅस मारला. दोन दिवस बरं वाटलं. मग दुपारी कॉम्प्रेसर असा बंद पडायला लागला की अर्धा-पाऊण तास उठायचाच नाही. तेव्हा मला बोलावलं. काकू म्हणाल्या, "अहो दादा, फिल्टर तर मी दर रविवारी धुते." फिल्टर खरंच स्वच्छ होता. मी टॉर्च लावून आत ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा फेकणारा पंखा, बघितला, तर प्रत्येक पात्याच्या खोबणीत राखाडी धुळीचा थर नमद्यासारखा घट्ट बसलेला. हवाच फिरत नव्हती. हवा कमी पडली की इनडोअर कॉइल बर्फ धरते, तिथला सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो, बर्फ वितळला की पुन्हा चालू. सक्शन प्रेशरही हवेअभावीच खाली आलं होतं. त्यात वरून गॅस घातल्यावर दुपारच्या उन्हात प्रेशर आणि अँपिअर दोन्ही चढले आणि ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसर फार तापला की त्याला बंद करणारा संरक्षक स्विच, ट्रिप व्हायला लागला. आता एकाच्या जागी दोन दोष झाले.

ब्लोअर आणि कॉइल जेट पंपाने धुतली, बादलीत काळं पाणी आलं. जास्तीचा गॅस रिकव्हरी सिलेंडरमध्ये काढून घेतला, व्हॅक्यूम मारला (पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या केल्या) आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरले. नुसत्या प्रेशरवरून 'अंदाजे' भरणं मला पटत नाही. आर 410ए आणि आर 32 या गॅसमध्ये तर अजिबात नाही. आर 32 पेट घेऊ शकतो. त्यामुळे गॅसची लाइन नीट रिकामी करून नायट्रोजन फिरवल्याशिवाय तिथे ब्रेझिंगचा (नळ्या ज्योतीने जोडण्याचा) टॉर्च लावू नका.

माझी सवय सांगतो. गेज पिशवीतच ठेवायचं, तारेला टाँग टेस्टर (अँपिअर मोजायचा चिमटा) लावायचा आणि आउटडोअरपाशी चालू-बंदचा एक पूर्ण फेरा घड्याळ लावून शांत बसायचं. कॉम्प्रेसर नुसता हुंकारून काही सेकंदांत टक् करून सुटला, तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) किंवा व्होल्टेज बघा. काही मिनिटं नीट चालून कट झाला आणि थोड्याच वेळात परत आला, तर सेन्सर किंवा बर्फ. अँपिअर हळूहळू चढत जाऊन बंद पडला, कॉम्प्रेसरचं डोकं हात लावू देणार नाही इतकं तापलं आणि बराच वेळ उठला नाही, तर ओव्हरलोड. एवढं बघण्याचा धीर नसेल त्याने या धंद्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आउटडोअर कोंडून ठेवणं

ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवायच्या आणि आउटडोअर आतच ठेवायचं, हा प्रकार आता सर्रास दिसतो. आउटडोअरने फेकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढतो. रात्री चालतो, दुपारी कट होतो. काच पूर्ण उघडून तासभर चालवून बघा. फरक पडला तर मशीनला दोष देऊ नका, जागा बदला. मागे कबुतराचं घरटं, समोर वाळत टाकलेली चादर, याचाही परिणाम तोच.

कपॅसिटर आणि व्होल्टेज

हे साध्या एसीचं. 45 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मीटरवर 40 च्या खाली दाखवत असेल तर बदला आणि तितक्याच मायक्रोफॅरडचा लावा. 'मोठा टाकला की जोर येतो' म्हणून 60 चा लावणारे कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जाळतात. हात लावण्याआधी मेन बंद करून कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करायचा. व्होल्टेज मोजायचं ते कॉम्प्रेसर उचलतानाच, एसीच्या सॉकेटवर. रिकाम्या लाइनवर 230 दिसतं आणि लोड आला की 180. कधी कधी कारण एवढंच असतं की प्लगची पिन सैल आहे आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलंय.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- रिमोटने बंद करून लगेच चालू करणं. कॉम्प्रेसरला तीन मिनिटं द्या.
- धुताना खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर क्लिपमधून निसटतो आणि गार कॉइलला चिकटतो. परत जागेवर बसवा.
- शंभर चौरस फुटांच्या खोलीला दोन टन लावणं. साधा एसी असेल तर तो कट होतच राहणार, उमस तशीच राहणार. उपाय लहान एसी.
- इन्व्हर्टरच्या बोर्डवर लाइट किती वेळा लुकलुकतो ते न मोजताच बोर्ड बदलणं. मॅन्युअल उघडून कोड जुळवा, मगच पैसे खर्च करा.

ओव्हरलोड 'डायरेक्ट' करणं, म्हणजे त्याला वगळून तारा थेट जोडणं, मात्र कुणीही, कधीही करू नये. तो मधून काढला की कॉम्प्रेसर बंद होत नाही हे खरं, पण मग तो जळेपर्यंत चालतो. तसा केलेला एसी माझ्याकडे आला, तर आधी नवा ओव्हरलोड बसवतो आणि त्यानंतरच तो का ट्रिप होत होता ते शोधायला घेतो.