पुतळ्याशेजारी कोणता अंक? चवथीआधीची तयारी

गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मे महिन्यात पहिल्या पगारातून स्पायडरमॅनचा पुतळा घेतला. वन-फोर्थ स्केलचा, म्हणजे पात्राच्या खऱ्या उंचीच्या पाव मापाचा, पॉलीस्टोनचा, म्हणजे राळेत दगडाची भुकटी मिसळून ओतलेला, पायथ्यासकट जवळजवळ दोन फूट उंच. (पुतळाच म्हणतो आम्ही. मूर्ती हा शब्द घरात चवथीच्या गणपतीसाठी राखलेला आहे.) चवथीला माणसं येतात तेव्हा तो साळीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, मांडलेला असावा आणि बाजूला दोन-तीन कॉमिक्सही असावीत, अशी त्याची फार इच्छा. “मामा, अंक कुठले ठेवू?” असं त्याने विचारलं. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहून काढतो, म्हणजे ज्यांच्या घरी असा पुतळा नव्याने आला आहे त्यांनाही तयारी करता येईल.

सगळ्यात आधी एक पूर्ण संध्याकाळ पुतळ्यासमोर बसावं. किमती पाहू नयेत, कुठला अंक दुर्मीळ आहे तेही शोधू नये. हातात वही घ्यावी आणि दिसेल ते लिहावं: डोळे केवढे, अंगावरच्या जाळीच्या रेघा कशा, गुडघे कुठवर वर आले आहेत, छातीवरचं चिन्ह कसलं, कपड्यांचे रंग कुठले. पुतळा घडवणाऱ्याने कुणा एका चित्रकाराचा हात डोळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि तो हात ओळखला की अंक निम्मा सापडला. डोळे लहान आणि काखेत जाळं असेल तर तो स्टीव्ह डिटकोचा, म्हणजे १९६२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला स्पायडरमॅन. डोळे मोठाले, अंग बेडकासारखं दुमडलेलं आणि हातातून सुटणारं जाळं पीळ पडलेल्या सुंभासारखं असेल, तर तो टॉड मॅकफार्लनचा. मॅकफार्लनने ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ची चित्रं १९८८ साली २९८ व्या अंकापासून काढायला घेतली.

भाच्याचा पुतळा सरळसरळ या दुसऱ्या जातीचा. त्याच्या मनात मात्र ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक होता, ऑगस्ट १९६२ चा, कारण स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो त्यात. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. पात्राचा पहिला अंक हा त्या पुतळ्याचा अंक असतोच असं नाही. पंधराव्या अंकातला पोरगा हडकुळा आणि बुजरा आहे, पुतळ्यातला गडी वेगळाच. दोघांना शेजारी ठेवलं तर पाहणाऱ्याच्या मनात ते जुळत नाहीत, मग अंक कितीही मोलाचा असो.

कपड्यांच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. डेअरडेव्हिलचा लाल पुतळा असेल तर एप्रिल १९६४ चा पहिला अंक शेजारी ठेवून उपयोग नाही, त्यात तो पिवळा आहे. लाल पोशाख सातव्या अंकात, १९६५ साली आला. आयर्नमॅन मार्च १९६३ मध्ये ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९ व्या अंकात आला तो राखाडी चिलखतात, आणि लाल-सोनेरी चिलखताचा अंक ४८ वा. बॅटमॅनच्या छातीवर पिवळं लंबवर्तुळ दिसलं तर मे १९६४ च्या अलीकडचा अंक घ्यावा, कारण ते ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३२७ व्या अंकात सुरू झालं. हल्कची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी आहे, पण छपाईत तो राखाडी रंग एकसारखा उतरेना म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. म्हणजे हिरव्या हल्कशेजारी पहिला अंक ठेवला तर जाणकार माणूस थबकणारच. राखाडी हल्क पुन्हा आला तो १९८६ मध्ये आणि त्या काळातला हल्कच्याच मालिकेचा ३४० वा अंक, ज्याच्या मुखपृष्ठावर वोल्व्हरिनच्या हातातून निघणाऱ्या पात्यांत हल्कचं प्रतिबिंब दिसतं, हा राखाडी हल्कलाही शोभतो आणि तपकिरी पोशाखातल्या वोल्व्हरिनलाही. पिवळ्या-निळ्या वोल्व्हरिनला मात्र तो चालणार नाही.

एका ठिकाणी मी हा नियम मोडीन. कॅप्टन अमेरिकाच्या मार्च १९४१ च्या पहिल्या अंकात ढाल त्रिकोणी आहे, गोल ढाल दुसऱ्या अंकापासून. तरीही हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणणारं ते मुखपृष्ठ गोल ढालीच्या पुतळ्याशेजारीही ठेवावं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती आणि दोन तरुण ज्यू चित्रकारांनी ते चित्र बाजारात आणलं. या पात्राच्या मुळाशी जे धाडस आहे ते तिथे आहे.

काळ आणि पोशाख जुळले की मुखपृष्ठं समोर पसरावीत आणि पुतळ्याचाच पवित्रा जिथे पुन्हा आला असेल ती बाजूला काढावीत. भाच्याचा स्पायडरमॅन उकिडवा बसलेला. मॅकफार्लनचा ऑगस्ट १९९० चा ‘स्पायडरमॅन’चा पहिला अंक त्याला हवा होता. लाखोंनी छापलेला असल्याने तो आजही सहज मिळतो. पण त्या मुखपृष्ठावरही तो जाळ्यात असाच दबा धरून बसलेला. एकच वाक्य दोनदा म्हटल्यासारखं होतं. मला विचाराल तर मुखपृष्ठाने पुतळ्यात नसलेलं काहीतरी आणावं. तो कुणावर झेप घेणार आहे? मागून कोण येतंय? म्हणून आम्ही ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा जून १९८९ चा ३१६ वा अंक ठरवला. त्याच्या मुखपृष्ठावर स्पायडरमॅनचा वैरी व्हेनम आहे. तो अंक पुतळ्याच्या नजरेच्या रोखाने ठेवला की दोघांमधल्या त्या वीतभर जागेत गोष्ट उभी राहते.

दुसरा अंक त्याच मालिकेचा ३०० वा, मे १९८८ चा. यावर आमचा बराच वाद झाला, कारण मुखपृष्ठावर स्पायडरमॅन काळ्या पोशाखात आहे आणि पुतळा लाल-निळा. मी त्याला शेवटची पानं वाचायला लावली. व्हेनमने स्पायडरमॅनच्या बायकोला, मेरी जेनला, एवढं घाबरवलेलं असतं की पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, तो काळा पोशाख सोडतो आणि पुन्हा लाल-निळ्यात येतो. मॅकफार्लनचा लाल-निळा स्पायडरमॅन त्या मालिकेत जन्मतो तोच तिथे. पुतळा ज्या क्षणानंतरचा आहे तो क्षण त्या अंकाच्या पोटात आहे. भाच्याला ते पटलं, आणि पाहुण्यांना सांगायला त्याच्याकडे एक गोष्टही आली. म्हणून यादीत हेही लिहून ठेवावं: मांडायचा प्रत्येक अंक आधी शेवटपर्यंत वाचलेला असावा. न वाचलेला अंक मांडू नये, मग तो कितीही देखणा असो.

माझ्या स्वतःच्या कपाटात फँटमचा एक लहान पुतळा आहे आणि त्याच्यासाठी अमेरिकन अंक शोधायचा विचारही मी कधी केला नाही. ली फॉकने १९३६ साली उभा केलेला हा नायक आमच्या घरात इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून आला, ‘वेताळ’ या नावाने. इंद्रजालचा पहिलाच अंक, मार्च १९६४ चा, त्याच्या कथेचा होता. गोव्यातल्या पोराला ‘वेताळ’ म्हटल्यावर काय वाटत असेल, हे बाहेरच्याला कळणं कठीण आहे. लोलयेला, आमोण्याला, पैंगीणला वेताळ हा देव आहे, गावाचा राखणदार. रात्री तो गावाभोवती फिरतो आणि त्याच्या पायांतल्या वहाणा झिजतात, असं आजी सांगायची. जंगलात राहून दुबळ्यांची राखण करणारा, पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा वेताळ अंकात भेटला तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. माझ्या पुतळ्याशेजारी म्हणूनच मराठी इंद्रजाल आहे. तुमच्या लहानपणी जो नायक ज्या भाषेत आला, त्या भाषेतला अंक मिळत असेल तर आधी तो ठेवा. फँटमचा पुतळा घेताना एवढं तपासा की कवटीची अंगठी उजव्या हातात आहे आणि शुभचिन्हाची डाव्या. हे उलटं झालेलं असेल तर अंकातलं प्रत्येक चित्र त्या पुतळ्याला खोटं पाडेल.

त्याच इंद्रजालांनी मला पुढची गोष्ट शिकवली. एका पावसाळ्यात मी सात अंक उघड्या फळीवर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवले. चतुर्थीला काढून पाहिले तर पिना गंजलेल्या, गंजाचा डाग मधल्या चार पानांत उतरलेला, आणि दोन अंकांच्या पाठीवर बुरशीची पांढरी लव. त्यातला एक आजोबांनी मडगावहून आणून दिलेला होता. तेव्हापासून माझा नियम असा की मांडायची प्रत वेगळी आणि जपायची वेगळी. मार्व्हल आणि डीसी जुन्या अंकांच्या फॅक्सिमिली प्रती, म्हणजे हुबेहूब पुनर्मुद्रणं, काढतात, आतल्या जुन्या जाहिरातींसकट. ३०० व्या अंकाचीही निघाली आहे. मांडायला ती घ्यावी. कुणाकडे मूळ अंक असेल तर तो लोखंडी कपाटात, आडवा आणि अंधारात ठेवावा. इंद्रजालसारख्या अंकांच्या मुखपृष्ठाची चांगली रंगीत प्रत काढून ती मांडली तरी चालते. त्यात फसवणूक नाही, विचारणाऱ्याला खरं सांगावं.

मापं आता घ्यावीत, आधी नाही. हल्लीचा अमेरिकन अंक साधारण पावणेसात इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतो, साठच्या दशकातला थोडा अधिक रुंद. ग्रेड करून, म्हणजे प्रत किती चांगली आहे ते तपासून, कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला अंक मात्र तेरा इंचांपर्यंत जातो आणि अनेकांची फळी इथेच अपुरी पडते. वन-फोर्थ पुतळ्याच्या पायथ्याशी अंक ठेवला तर तो खडकामागे लपतो, म्हणून चार-सहा इंचांचा लाकडी ठोकळा अंकाखाली घ्यावा. वन-सिक्स्थला, म्हणजे फूटभर पुतळ्याला, एकच अंक पुरे. दोन ठेवले की अंकच मोठे दिसतात. पुतळ्याचं वजनही करून घ्यावं. भाच्याचा नऊ किलोचा निघाला. तीन फुटी प्लायच्या फळीला मधोमध आधार हवा. आमच्या जुन्या फणसाच्या कपाटाला मात्र काही झालं नाही.

पिशव्या पॉलीप्रॉपिलीनच्या किंवा त्याहून उत्तम म्हणजे पॉलिएस्टरच्या, ज्यांना सगळे मायलार म्हणतात. पीव्हीसीची स्टेशनरीतली फाईल-पिशवी अजिबात नको, ती काही वर्षांत चिकट होते आणि शाई ओढते. पाठीला आम्लरहित पुठ्ठा. पुतळाच पीव्हीसीचा असेल तर त्याला बंद, तापणाऱ्या कपाटात कोंडू नये आणि अंक त्याला चिकटून ठेवू नये. डांबरगोळ्या प्लास्टिकजवळ नकोत. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर तो पूर्ण वाळवून, पुरचुंडीत, पिशवीच्या बाहेर.

हवेचं काय करायचं हा आमच्याकडचा खरा प्रश्न. जुलैत दमटपणा पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असतो आणि कागदाला पन्नासच्या आसपास बरं वाटतं. एक छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा, आकडा आठवडाभर रोज लिहावा आणि मगच जागा ठरवावी. काचेचं कपाट असेल तर आत सिलिका जेलचे दाणे. निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवून परत. चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं अंतर, पावसाच्या बाजूची भिंत तर टाळावीच. आषाढात काहीच मांडू नका. श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की जागा तयार करा आणि अंक चवथीच्या दोन दिवस आधी बाहेर काढा. खिडकीचं ऊन थेट पडलं तर लाल रंग आधी उडतो, आणि स्पायडरमॅनच्या अंकातून लाल गेला तर उरतं काय? दिवा एलईडीचा, वरून नव्हे तर कुशीतून, म्हणजे मायलारवर चकाकी येत नाही.

चवथीच्या घरात आणखी थोडं पाहावं लागतं. मांडणी गणपतीच्या समोर नको, बाजूच्या भिंतीला हवी, म्हणजे पाया पडणाऱ्याची पाठ कुणाकडे होणार नाही. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, तर नकोच; पिकलेली फळं गळतात, आणि कापूर-धुपाची काजळी मायलारवर बसते. मुलं येतील, हात लावतील, लावू द्यावेत. त्यांच्यासाठी एक एकत्रित आवृत्तीचं जाड पुस्तक खाली टेबलावर मोकळं ठेवावं. भाच्याने त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे की ३०० व्या अंकाची गोष्ट कितव्या पानावर सुरू होते.

येत्या रविवारी मी फोंड्याला जातो आहे, संध्याकाळी दिवे लावून एकदा मांडून बघायला. पिशवीत ३१६ वा अंक, दोन पुठ्ठे आणि माझा आर्द्रतामापक घेतला आहे. जिना उतरून दारात उभं राहिल्यावर व्हेनम आधी दिसतो की स्पायडरमॅन, ते पाहून ठोकळ्याची उंची ठरवू.