फिशर मोठा की कास्पारोव? वाद घालायचाय तर आधी नियम उघडा

रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठाला आम्ही सातआठ जण बसतो, बुद्धिबळाचे दोन पट, एक घड्याळ आणि पुडीत शेंगा. डाव संपले की वाद सुरू होतो, मराठीत सुरू होतो, मधेच तेलुगूत शिरतो आणि कुणी फारच तापला की कन्नड बाहेर येतं. विषय ठरलेला, जगज्जेत्यांमध्ये सगळ्यात मोठा कोण आणि अमक्याच्या मॅचचे नियम बरोबर होते का. बरीच वर्षं हा वाद ज्याचा आवाज मोठा तोच जिंकायचा. मग हळूहळू आम्ही त्याला एक पद्धत लावली आणि आता खरंच काहीतरी हाती लागतं, म्हणून ती पद्धत इथे लिहितोय, तुमच्या कट्ट्यावर वापरून बघा.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन वेगळे वाद आहेत. नियम न्याय्य होता का हा एक, आणि माणूस किती मोठा हा दुसरा. आमच्याकडे व्हायचं असं की फिशरचा भक्त असला की त्याला फिशरच्या सगळ्या अटी बरोबर वाटायच्या आणि कारपोवचा माणूस असला की त्याच अटी म्हणजे पळवाट. असं केलं की दोन्ही वाद बुडतात. कुठला वाद चाललाय ते आधी बोलून घ्या, "आपण आत्ता नियमावर बोलतोय बे, माणसावर नाही" एवढं वाक्य कुणीतरी दर दहा मिनिटांनी म्हणायला लागतं, आमच्यात ते काम माझ्याकडे आहे.

नियमावर बोलताना नावं झाका. वहीत नुसतं लिहा, गादीवरचा, म्हणजे त्या वेळचा जगज्जेता, आणि आव्हान देणारा. मग प्रत्येकाला जिंकायला कमीत कमी काय करावं लागतं ते आकड्यात मांडा. हीच खरी पायरी आहे, बाकी सगळं यावर उभं आहे, आणि ती शिकायला 1975 सालापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

फिशरने 1972 ला रेक्याविकला जगज्जेत्या स्पास्कीला 12.5 - 8.5 असं हरवलं आणि पुढच्या मॅचसाठी फिडेला, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेला, अटी घातल्या. जो आधी 10 डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत, डावांच्या संख्येला मर्यादा नाही, आणि स्कोअर 9-9 झाला तर गादी आहे त्याच्याकडेच राहणार. फिडेने 10 विजय मान्य केले, अमर्याद डावही शेवटी मान्य केले, 9-9 ची अट मात्र नाकारली, फिशर खेळला नाही आणि एप्रिल 1975 मध्ये आव्हान देणारा कारपोव एकही चाल न खेळता जगज्जेता झाला.

आता नावं झाकून आकडे मांडा. गादीवरच्याला 9 विजय मिळाले की तो वाचला, तिथून पुढे त्याला हरायची भीतीच नाही. आव्हान देणाऱ्याला 10 तर पाहिजेतच पण समोरच्याला 8 च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, म्हणजे 10-8, दोन विजयांची आघाडी पाहिजेच. 10-9 असा निकाल आव्हान देणाऱ्याच्या बाजूने लागूच शकत नाही. हे कागदावर आलं की आमच्यातले फिशरवालेसुद्धा जरा गप्प झाले. पण त्यांचं उत्तरही दमदार होतं आणि ते ऐकून घ्यायलाच पाहिजे. ते म्हणाले की त्याआधी 24 डावांची मॅच असायची, विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, आणि 12-12 झालं तर गादी जुन्याकडेच राहायची, मग तीसुद्धा सवलतच की. बरोबर आहे. बोटविनिकने 1951 ला ब्रॉनस्टाइनशी आणि 1954 ला स्मिस्लोवशी 12-12 करूनच गादी राखली. म्हणजे सवलत होती, हे दोन्ही बाजूंना मान्य. फरक किती एवढाच मुद्दा उरतो, तिथे 12.5 - 11.5 अशी एका गुणाची आघाडी पुरायची, इथे दोन अख्खे विजय लागणार. माझं मत स्पष्ट आहे, 10 विजय आणि अमर्याद डाव ही मागणी प्रामाणिक होती, त्यात लढायची भूक दिसते, पण 9-9 ची अट जास्त होती आणि फिडेने ती नाकारली ते योग्यच केलं. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं. पद्धतीचा फायदा तो हाच, एकाच माणसाची एक मागणी बरोबर आणि दुसरी चूक असं म्हणायची सोय होते.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे जुनी मॅच घ्यायची आणि दुसऱ्या नियमाने मोजायची. 1984 ची मॉस्कोची कारपोव-कास्पारोव मॅच घ्या. नियम होता 6 विजय, डाव कितीही होऊ देत. कारपोव 9 डावांनंतर 4-0 पुढे, मग बरोबरीची रांगच लागली, 27 व्या डावाला 5-0, एकच विजय पाहिजे आणि तो काही येईना. कास्पारोवने 32 वा घेतला, मग 47 वा, 48 वा. पाच महिने, 48 डाव, त्यातले 40 बरोबरीत, आणि 15 फेब्रुवारी 1985 ला फिडेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी 5-3 वर मॅच निकालाशिवाय थांबवली. आता हीच मॅच 24 डावांची धरा. 24 डावांनंतर चार विजय आणि वीस बरोबरी, म्हणजे कारपोव 14-10, विषय संपला. तेच डाव, तीच माणसं, फक्त नियम बदलला आणि कास्पारोवला तेव्हा संधीच उरत नाही. पुढे 1985 ला 24 डावांच्याच मॅचमध्ये तो 13-11 ने जिंकला ही वेगळी गोष्ट.

म्हणून लगेच "नियमच सगळं ठरवतो" असं म्हणू नका, 6 विजयांच्याच अजून दोन मॅच मोजा. 1927 ला ब्वेनोस आयरेसला अलेखाइनने कापाब्लांकाला 6-3 हरवलं, 34 डाव, 25 बरोबरी. 24 डावांवर थांबवली असती तरी अलेखाइनच 13-11 पुढे होता. 1978 ला बागियोला कारपोव आणि कोर्चनॉय, 5-2 वरून कोर्चनॉयने 5-5 केलं आणि शेवटी कारपोव 6-5 ने सुटला, तिथेही 24 डावांनंतर कारपोवच 13-11. म्हणजे या दोन ठिकाणी जो जिंकला तोच जिंकला असता. हां, यात एक अडचण आहे ती मान्य करा, नियम बदलला की माणूस खेळतोही वेगळा. 24 वा डाव शेवटचा आहे हे माहीत असलं तर मागे असलेला माणूस जीव तोडून खेळेल, बरोबरी घेणार नाही. 1987 ला सेव्हिलला कास्पारोव 11-12 ने मागे होता, शेवटचा डाव जिंकायलाच पाहिजे होता, जिंकला, 12-12, गादी राहिली. तर मोजून बघायचं पण ते पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून.

हल्लीच्या टायब्रेकवर, म्हणजे मॅच बरोबरीत सुटली की निकाल लावायला खेळायच्या जादा डावांवर, तर आमच्याकडे दर वेळेला भांडण होतं. क्लासिकल, तासन् तास चालणाऱ्या डावांच्या मॅचचा निकाल रॅपिडवर, झटपट डावांवर लावायचा म्हणजे मॅरेथॉन बरोबरीत सुटली म्हणून शंभर मीटर पळवायचं, असं आमचे एक निवृत्त गणिताचे सर म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण मी एकदा यादी केली. 2012 आनंद विरुद्ध गेलफंड 6-6, रॅपिडमध्ये आनंद. 2016 कार्लसन विरुद्ध कार्याकिन 6-6, रॅपिडमध्ये कार्लसन. 2018 कार्लसन विरुद्ध करुआना, बाराच्या बारा डाव बरोबरीत, रॅपिडमध्ये कार्लसन 3-0. तिन्ही वेळेला गादी जुन्याकडेच राहिली, म्हणजे जुना बरोबरीचा नियम असता तरी निकाल तोच. टायब्रेकने गादी हिसकावली असं म्हणणाऱ्याला ही यादी दाखवा. तक्रार करायचीच तर दुसरी करा, की रॅपिडमध्ये जो वरचढ आहे तो क्लासिकलमध्ये जोखीम घेत नाही. 2018 च्या बाराव्या डावात कार्लसनची स्थिती चांगली होती, घड्याळावर वेळही जास्त होता, तरी त्याने बरोबरी देऊ केली. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर तासभर बोलता येतं.

नियम म्हणजे फक्त पटावरचे नाहीत हे लोक विसरतात. कोण कुठल्या दारातून आला ते बघा. 1998 ला लोझानला फिडेच्या जगज्जेतेपदाची आनंद आणि कारपोवची फायनल झाली. आनंद ग्रोनिंगेनला लांबलचक नॉकआउट खेळून, एकेक माणूस हरवत आला आणि काही दिवसांतच फायनलला बसला. कारपोव थेट फायनलला, ताजातवाना. सहा डाव 3-3 झाले आणि रॅपिडमध्ये कारपोव जिंकला. मला आजही याचा राग येतो. नावं झाकून विचारा, एकाने तीन आठवडे झिजायचं आणि दुसऱ्याने घरून यायचं, हे कुठल्या तालमीत चालेल? आखाड्यात आधीच पाच कुस्त्या केलेल्या पैलवानाला दम खायला वेळ न देता सहावी लावली तर बाजूचे लोकच उठतील.

रीमॅचचंही तसंच. बोटविनिक 1957 ला स्मिस्लोवकडून हरला, 1958 ला परत जिंकला, 1960 ला तालकडून हरला, 1961 ला परत जिंकला, कारण रीमॅचचा हक्क नियमातच होता. 1963 ला पेट्रोशनकडून हरला तेव्हा तो हक्क काढलेला होता, गादी गेली ती गेली. कापाब्लांकाला अलेखाइनने परत मॅच दिलीच नाही आणि बोगोल्युबोवशी मात्र दोनदा खेळला. कास्पारोव 2000 ला लंडनमध्ये क्रामनिककडून 8.5 - 6.5 हरला (तेव्हा फिडेची गादी वेगळी होती आणि ही वेगळी), त्यालाही परत मॅच मिळाली नाही. आता तुमचा आवडता यातला कोण ते बाजूला ठेवा आणि सगळ्यांना एकच नियम लावा, हक्क असावा की नसावा. मी नसावा म्हणणाऱ्यातला आहे. हरलेल्याने रांगेत यावं, पण रांग खरी असली पाहिजे, जिंकलेल्याच्या मर्जीवरची नाही.

आता मोठेपणाचा वाद. इथे आम्ही एकच करतो, बोलणाऱ्याला आधी विचारतो की तू कशाने मोजतोयस. किती काळ टिकला? मग लास्कर, 1894 ते 1921, सत्तावीस वर्षं. पण त्यात तो किती वेळा आणि कुणाशी खेळला तेही बघा. सगळ्यात वरचं टोक? मग फिशर, 6-0 तायमानोव, 6-0 लार्सन, मग पेट्रोशन, मग स्पास्की, आणि 1972 ला रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, 2785 तेव्हा दुसऱ्या नंबरचा स्पास्की 2660. पण गादीवर बसून एकही मॅच खेळला नाही हे त्याच पानावर लिहा. वर्षानुवर्षं पहिला नंबर आणि तगडा प्रतिस्पर्धी? मग कास्पारोव, कारण कारपोवसारख्या माणसाशी पाच मॅच. कार्लसनचं 2882 आणि फिशरचं 2785 शेजारी ठेवून कार्लसन मोठा असं मात्र म्हणू नका, रेटिंग हे त्या त्या वेळच्या लोकांशी तुलना करतं, पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाशी नाही. अंतर बघा, आकडा नको. आणि आनंदबद्दल बोलताना आम्ही एक रकाना जास्त ठेवतो, नॉकआउट 2000, स्पर्धा 2007, मॅच 2008, तिन्ही प्रकारे जगज्जेता. नियम बदलत गेले आणि हा प्रत्येक नियमात जिंकला, मोठेपण मोजायला मला ही फार चांगली पट्टी वाटते.

गुकेशने डिंगकडून गादी घेतली तो विषय निघाला की "डिंगने चूक केली म्हणून" हे येतंच. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, चौदावा डाव, 55 व्या चालीला डिंगचा हत्ती चुकीच्या घरात गेला, हे खरं. पण बरोबरीकडे चाललेला डाव एका जास्तीच्या प्याद्यावर तासन् तास रेटत कोण बसलं होतं? आणि "कार्लसनला हरवलं नाही" याला उत्तर असं, कार्लसनने स्वतः गादी सोडली. जगज्जेता कोण आणि आजचा सगळ्यात बलवान कोण हे दोन प्रश्न आहेत, दोघांची उत्तरं वेगळी असू शकतात, त्यात कुणाचा अपमान नाही.

हे सगळं डोक्यात पक्कं बसायचं असेल तर स्वतः एक मॅच भरवा. आमच्यात दोघांनी पाच विजयांची मॅच ठरवली होती, एक पावरलूमवर रात्रपाळी करणारा, दुसऱ्याचं नवी पेठेत दुकान. दिवाळीनंतर सुरू झाली, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आली तरी संपेना, लूमवाला पाळी करून झोपेतच पटावर यायचा, शेवटी 4-3 वर बंद पडली आणि कोण जिंकला असता यावर अजून बोलणं होतं. नियम कुणाच्या विरोधात नव्हता, पण रात्रपाळीचा विचार कुणी केलाच नव्हता.

पुढच्या मॅचचे नियम आता वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. आठ डाव, दोघांना पांढरी चार-चार वेळा. चार डाव झाले की रंगांचा क्रम उलटा, म्हणजे दर वेळी तोच माणूस आधी पांढरी घेऊन बसणार नाही. हात लावलेलं मोहरं खेळायचंच. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी डाव नाही, एक डाव पुढे ढकलायची मुभा दोघांना एकेकदा. फोन तिसऱ्याच्या पिशवीत. 4-4 झालं तर पंधरा मिनिटांचे दोन डाव, तरी बरोबरी राहिली तर दोघेही विजेते आणि शेंगाचटणीची बरणी अर्धीअर्धी. सरांनी पंधरा मिनिटांच्या कलमापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ते कलम पहिला डाव सुरू व्हायच्या आधी, रविवारी, पुन्हा मताला टाकायचंय.