जुनी गाडी तापतेय? या चुका टाळा

गाडी तापते म्हणून जो येतो, तो निदान सोबत घेऊनच येतो. "मेस्त्री, रेडिएटर बदलून टाका." मी विचारतो, कधी तापते? मग डोकं खाजवणं सुरू. तापण्याची वेळ न बघता पार्ट बदलणं ही पहिली चूक, आणि खिशाला सगळ्यात जास्त चाट हीच लावते.

हातखंब्याच्या तिठ्यावर गर्दीत उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली येतो? मग आधी फॅन बघा. पट्टा सैल असेल, नाहीतर इलेक्ट्रिक फॅनची मोटर किंवा तिला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले, गेलेला असेल. सपाटीला ठीक, पण भरलेली गाडी कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट चढताना तापते? मग रेडिएटर चोक असण्याचा किंवा वॉटर पंप कमजोर असण्याचा संशय घ्यायचा. काटा लाल पट्ट्यात गेला तरी रेडिएटरचा खालचा पाइप गारच लागतोय, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, अडकलेला असू शकतो. हे बघायला पाना लागत नाही, डोळे आणि हात पुरतात. फक्त फिरत्या फॅनपासून हात लांब ठेवा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. काटा अचानक खाली आला म्हणजे गाडी गार झाली, असं समजणं.

आंब्याच्या हंगामात एक जुनी पिकअप हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाली होती. साखरपा सोडून चढ लागला आणि काटा लाल पट्ट्यात गेला. ड्रायव्हर पोरगेला, घाईचा. थांबला नाही. थोड्या वळणांनंतर काटा झपकन तळाला आला. घाटातला वारा लागला म्हणून हा खूश, अजून दाबली. वर पोचायच्या आत गाडीने दम टाकला आणि बंद पडली. मी गेलो तेव्हा बॉनेटखालून करपट वास येत होता. खालचा होज पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला, बोटाने दाबला तर पिकलेल्या फळासारखा मऊ. पाणी सगळं रस्त्यावर. "मेस्त्री, काटा तर खाली आला होता ओ!" येणारच. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवर खरं सांगतो. पाणी संपलं, तो कोरडा पडला, की कमी दाखवतो. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं, हेड सपाट करायला लेथवाल्याकडे पाठवावं लागलं. पेट्या दुसऱ्या टेम्पोत भरेपर्यंत सकाळचा लिलाव हुकला. हे सगळं एका जुन्या पाइपपायी.

म्हणून काटा चढून एकदम पडला की तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मी स्वतः दर पावसाळ्याआधी सगळे होज दाबून बघतो. फुगलेला किंवा मऊ वाटला की बदलतो, गळायची वाट बघत नाही.

गरम इंजिनाची कॅप उघडू नका, हे लिहायचाही कंटाळा आलाय. तरी दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतोच. आतलं पाणी दाबाखाली असतं. साध्या पाण्यावर बाहेरच्या हवेपेक्षा 1 बार जादा दाब असला तर ते 120 अंशांच्या आसपास उकळतं. कॅप सैल केली की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. कोरड्या पडलेल्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला. स्वस्त पार्ट आहे, म्हणून कोणी बघत नाही.

दुसरी माझी चीड म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. "आपल्याकडे थंडी कुठाय, कशाला हवा?" असा सल्ला देणारे नाक्यानाक्यावर भेटतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते. बाकीच्या गाड्या थंड पळतात, डिझेल जास्त पितात. संशय आला तर काढून उकळत्या पाण्याच्या टोपात टाका. बरेच थर्मोस्टॅट 82 अंशांच्या आसपास उघडायला लागतात. नाही उघडला तर नवा बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढा धीर कोणाला?

कूलंटचंही तेच. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" म्हणत विहिरीचं पाणी भरतात. कूलंट नुसता पाणी गोठू देत नाही असं नाही, गंजही थांबवतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी खारट असलं तर रेडिएटर आतून खाऊन टाकतं. वाटेत अडलात तर जे मिळेल ते भरा, घरी आल्यावर काढून टाका.

जाळीत अडकलेली लाल माती मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. जोरात प्रेशर मारला की पाती वाकतात. एसी असेल तर कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बघा, कचरा तिथे दडतो.

ऑइल दुधाळ दिसलं किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. गळती थांबवायला हळद टाकली असेल तर तेही आल्याआल्या सांगा. गळती थोडा वेळ थांबते खरी, पण बारीक नळ्याही तिनेच बुजतात, आणि मग आधी रेडिएटर उतरवून साफ करावा लागतो.