तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्या देखभालीसाठी मोबाइल कसा वापरावा

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यात तंबाखू-चुना, मावा, गुटखा आणि घरातील बायकांची मशेरी यांची सवय फार जुनी आहे, आणि निपाणीची बाजारपेठ तर तंबाखूवरच वाढली आहे. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण ओळखीत नाही असे गाव येथे क्वचितच आढळेल. शस्त्रक्रिया बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज किंवा मुंबई येथे होते; परंतु नाकातून घातलेली आहाराची नळी सांभाळणे, जखमेकडे लक्ष देणे, तोंड उघडण्याचा व्यायाम करणे आणि वजन टिकवणे ही खरी मेहनत घरी आल्यावर सुरू होते. या काळात मोबाइल पुष्कळ उपयोगी पडतो, मात्र त्यासाठी काही तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी लागते.

कोणते ॲप, यापेक्षा पलीकडे कोण

आरोग्याची ॲप शेकड्यांनी मिळतात आणि त्यांतील बहुतेकांत नोंद करता येते. पण ती नोंद पाहणारे पलीकडे कोणी नसेल, तर रुग्णाची काळजी घेतली जात आहे असा नुसता भास होतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरण्याच्या गडबडीत पडण्यापूर्वी, वॉर्डातील डॉक्टरांना किंवा सिस्टरना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. जखमेचा फोटो कोणत्या क्रमांकावर पाठवायचा, तो कोण पाहणार, उत्तर साधारण किती वेळात येईल आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काय करायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. रुग्णालयाचे स्वतःचे ॲप असेल तर तेच वापरावे. नसेल तर साधे व्हॉट्सॲप आणि एक वही एवढ्यावरही काम उत्तम चालते, आणि दिसायला देखण्या पण कोणी न पाहणाऱ्या ॲपपेक्षा ही जोडी केव्हाही बरी.

डॉक्टर महाराष्ट्रातील आणि रुग्ण कर्नाटकातील असल्यास फोनवरून सल्ला चालेल का, अशी शंका सीमाभागात हमखास निघते. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला सल्ला देऊ शकतात. त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांनी अथणीच्या रुग्णाला व्हिडिओवर पाहण्यास नियमांची आडकाठी नाही. मात्र त्याच तत्त्वांनुसार मॉर्फिनसारखी अमली वर्गातील वेदनाशामके अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. ही औषधे चालू असतील तर ती संपण्याच्या आठवडाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावावी, म्हणजे चिठ्ठीसाठी प्रत्यक्ष जायला पुरेसा वेळ मिळेल.

सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून मोफत सल्ला मिळतो. ताप, रक्तदाब, साखर अशा तक्रारींसाठी ती चांगली आहे. शस्त्रक्रियेच्या जागेविषयीचा प्रश्न मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागालाच विचारावा. आभा हे आरोग्याच्या नोंदींचे सरकारी डिजिटल खाते काढणेही फायद्याचे आहे, कारण त्या चौदा अंकी क्रमांकाखाली, रुग्णालय त्या व्यवस्थेशी जोडलेले असल्यास, दोन्ही राज्यांतील कागदपत्रे एकत्र ठेवता येतात. आभा म्हणजे आयुष्मान योजनेचे कार्ड नव्हे. आभा क्रमांक आहे म्हणून उपचाराचा खर्च मिळेल असे समजून कोणीही निर्धास्त राहू नये.

घरातील स्मार्टफोन बहुधा पुण्यात किंवा गोव्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशात असतो आणि रुग्णाजवळ बसलेल्या पत्नीकडे साधा बटणांचा फोन असतो, हे वास्तव धरूनच सगळी योजना करावी. ॲप त्याच व्यक्तीच्या हातात असावे जी दिवसाचे सहा-आठ वेळा नळीतून आहार देते. मुलाने जुना का होईना, एक फोन घरी ठेवावा आणि स्वतः घरच्यांच्या व्हॉट्सॲप गटात राहून फक्त लक्ष ठेवावे.

शस्त्रक्रियेपूर्वी फोन तयार ठेवणे

जिभेवरील शस्त्रक्रियेनंतर किंवा गळ्यात श्वासाची नळी असताना रुग्णाला काही दिवस बोलता येत नाही. भरती होण्याआधीच त्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवावा आणि लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय सुरू करून तिचा सराव करून घ्यावा. नोट्समध्ये तयार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत: ‘कफ अडकलाय, काढा’, ‘उशी उंच करा’, ‘खांदा अवघडलाय’, ‘लघवीला जायचंय’, ‘आत्ता कोणी भेटायला नको’. शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल. पण भेटीला आलेल्या पाहुण्यांचा गोतावळा पलंगाभोवती जमला की सर्वांत जास्त तेच लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी हीच वाक्ये घरच्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून प्रत्येकासोबत चित्र ठेवावे.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि बेळगाव किंवा हुबळीच्या वॉर्डात तोंडी सूचना पुष्कळदा कानडीत मिळतात. सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट जे करून दाखवतात, त्याचे त्यांची परवानगी घेऊन व्हिडिओ चित्रण करावे आणि त्याच दिवशी घरच्या कोणीतरी ते मराठीत सांगून त्याचा वेगळा व्हॉइस मेसेज तयार करावा. भाषांतराच्या ॲपवरून अर्थ समजून घेण्यास हरकत नाही, परंतु औषधाची मात्रा आणि वेळ मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय देऊ नये. गोळ्यांच्या आठवणीसाठी स्वतंत्र ॲप घेण्याची गरज क्वचितच पडते. फोनच्या गजरालाच ‘सकाळी आठ, ताप-दुखण्याची गोळी कुटून’ असे नाव दिले तरी काम भागते. कोणती गोळी कुटून नळीतून देता येते आणि कोणती येत नाही, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

रोजची नोंद

नोंदीत फार गोष्टी घातल्या की चौथ्या दिवशी ती बंद पडते. आहार, वजन, तोंड किती उघडते, वेदना आणि फोटो एवढेच पुरेसे आहे.

नळीतून आहार देताना रुग्णाला ३० ते ४५ अंशांत टेकवून बसवावे आणि आहारानंतर अर्धा ते एक तास तसेच ठेवावे. आहार देण्यापूर्वी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. खूण सरकली असेल तर आहार देऊ नये आणि रुग्णालयाला कळवावे. प्रमाण साधारणतः एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर असते, पण आहारतज्ज्ञांनी सांगितलेला आकडाच पाळावा. नाचणीची पेज किंवा वरणाचे पाणी द्यायचे असल्यास ते गाळून, पातळ आणि कोमट द्यावे, आणि शेवटी स्वच्छ पाणी सोडून नळी धुवावी. नळी तुंबण्याचे मोठे कारण न गाळलेली पेज हेच असते. प्रत्येक वेळी गटात वेळ आणि मिलिलिटर एवढेच लिहावे. संध्याकाळी बेरीज केली की दिवसभरात किती कमी पडले ते लगेच दिसते.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी घ्यावे. घरी काटा नसेल तर आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात सोय होते. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो वजन उतरले तर ती पाच टक्के घट झाली, आणि तेवढी घट डॉक्टरांना कळवण्याजोगी असते.

तोंड उघडण्याचे माप घेणे सोपे आहे, पण ते रोज एकाच पद्धतीने घ्यावे लागते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधील अंतर शाळेच्या मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. निरोगी माणसाचे तोंड साधारण त्याचीच तीन बोटे उभी मावतील इतके उघडते, आणि अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडले आहे असे धरतात. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम कधी सुरू करायचा हे डॉक्टरच ठरवतात. त्यांनी परवानगी दिल्यावर आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून हळूहळू एकेक काडी वाढवायची पद्धत प्रचलित आहे. रेडिएशन सुरू झाल्यावर आखडणे वाढते आणि ते इतके सावकाश होते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. फोनमधील आकड्यांची ओळ येथे खरी उपयोगी पडते.

फोटोबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. रुग्णाला दिवसा खिडकीसमोर बसवावे, एकाने टॉर्च धरावा, दुसऱ्याने हातभर अंतरावरून फोटो काढावा आणि दर वेळी जागा व उजेड तोच ठेवावा, अन्यथा रंगातील फरक जखमेचा की उजेडाचा हे पलीकडच्या डॉक्टरांना समजत नाही. तोंड जबरदस्तीने उघडू नये. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्याची स्पष्टता टिकते. काढलेल्या भागाच्या जागी पुष्कळदा छाती, हात किंवा पायाची त्वचा तोंडात बसवलेली असते, त्यामुळे ती शेजारच्या गुलाबी भागापेक्षा फिकट दिसते, आणि पुरुषांमध्ये छातीच्या त्वचेवर पुढे तोंडात केसही उगवू शकतात. घरचे लोक हे पाहून हादरतात. पण ते बिघाडाचे लक्षण नव्हे. तो भाग निळसर, काळपट किंवा एकदम पांढरा पडणे, दुर्गंधीयुक्त स्राव येणे किंवा मानेच्या जखमेतून लाळ वा आहार पाझरणे ही मात्र त्याच दिवशी कळवण्याची लक्षणे आहेत. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेल्यासही तसेच करावे.

फोन खाली ठेवून निघण्याची वेळ

श्वास घेण्यास त्रास होणे, गळ्यातील नळी तुंबणे, तोंडातून किंवा मानेतून ताजे लाल रक्त येणे, या वेळी फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. मानेतून आलेले थोडे रक्त आपोआप थांबले तरी ते मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. जागेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, १०८ ला फोन करावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे; मूळ रुग्णालयाला वाटेतून कळवावे. नाकातली नळी निघाली तर ती घरी परत घालण्याचा प्रयत्न करू नये.

व्यायाम, बोलणे, मन आणि तंबाखू

मानेतील गाठी काढताना खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला धक्का पोहोचू शकतो आणि हात वर नेणे अवघड होते, म्हणून खांद्याचे व्यायाम तोंडाच्या व्यायामाइतकेच आवश्यक आहेत. रुग्णाचा स्वतःचा व्यायामाचा व्हिडिओ आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टना पाठवावा. गिळण्याचे व्यायाम यूट्यूबवर पाहून परस्पर सुरू करू नयेत. चुकीच्या वेळी तोंडाने घेतलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. यूट्यूबवर एकदा ‘कर्करोग’ शोधले की काढे आणि जडीबुटीच्या जाहिराती मागे लागतात. असा कोणताही काढा नळीतून देऊ नये.

चेहरा बदलल्यामुळे रुग्ण घराबाहेर पडणे टाळतो आणि झोप उडते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि कानडीतही बोलता येते. रुग्णाला बोलता येत नसेल तर सोबतच्या व्यक्तीने आधी फोन करावा. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा मोफत क्रमांक तंबाखूच्या पुड्यांवरच छापलेला असतो. तल्लफ येण्याच्या वेळा बहुधा ठरलेल्या असतात, जसे चहानंतर किंवा कट्ट्यावर बसल्यावर. त्या वेळांना मुलीच्या किंवा नातवाच्या फोनची सवय लावावी. घरात इतर कोणी मशेरी लावत असेल तर तिचा डबा रुग्णाच्या नजरेआड ठेवणे पुरेसे नाही. त्या व्यक्तीचेही तोंड एकदा तपासून घ्यावे.

रेंज आणि खासगीपणा

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. तेथील कुटुंबांनी इंटरनेटशिवायही उघडणारी नोंद ठेवावी, सूचनांचे व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवावेत आणि पॉवर बँक बाळगावी. रेंज असलेल्या शेजारच्या वाडीतील एका नातेवाइकाने दिवसातून एकदा फोटो पुढे पाठवण्याचे काम घेतले तरी पुरे होते.

रुग्णाचे फोटो भावकीच्या गटात टाकू नयेत. त्यासाठी तीन-चार जणांचा वेगळा गट करावा आणि फोटो काढण्यापूर्वी दर वेळी रुग्णाला विचारावे. संपर्कयादी किंवा मेसेज वाचण्याची परवानगी मागणारे आरोग्य ॲप काढून टाकावे, कारण औषधांची आठवण देण्यासाठी त्याला शेजाऱ्यांचे क्रमांक लागत नाहीत.

कॅलेंडरमध्ये आधीच घालायच्या तारखा

काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल आणण्याची तारीख पहिली घालावी. अहवालानुसार रेडिएशन लागणार असेल तर ते शस्त्रक्रियेपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. त्यापूर्वी दातांची तपासणी आणि काढायचे दात काढून जखम भरणे आवश्यक असते, कारण रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याचे हाड बरे न होण्याचा धोका राहतो. ऊस तोडणी, जत्रा, लग्नसराई या कारणांनी हे सहा आठवडे सहज निसटतात, म्हणून चौथ्या आठवड्यात मोठा गजर लावावा. पुढील तपासण्या पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी दर चार ते आठ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा असा सर्वसाधारण क्रम असतो. डॉक्टर सांगतील त्या तारखा तशाच्या तशा घालाव्यात. मानेवर रेडिएशन झालेल्यांनी दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणीही त्याच कॅलेंडरमध्ये ठेवावी, आणि फोन बदलताना कॅलेंडर नव्या फोनवर आले की नाही हे पाहूनच जुना फोन द्यावा.