रेव्हिटचं मॉडेल नकाशावर: आयएफसीपासून थ्रीडी टाइल्सपर्यंत

इमारतींच्या आराखड्याच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये बांधकामासाठी केलेलं मॉडेल जसंच्या तसं वेबवरच्या नकाशावर चढवलं की ब्राउझर गुदमरतो आणि खापर टाइल्स (नकाशावर लागतील तसे उतरणारे मॉडेलचे तुकडे) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर फुटतं. वजन असतं मॉडेलमध्येच. पडद्यावरचा प्रत्येक आकार त्रिकोणांचा बनतो. जिन्याचा कठडा बघा. 24 बाजूंनी गोल केलेल्या एका उभ्या दांड्याला 92 त्रिकोण लागतात. साध्या चौकोनी भिंतीला 12. 20 मजले, मजल्याला 40 दांडे, म्हणजे नुसत्या कठड्यांचे 73,600 त्रिकोण झाले. तोच दांडा षटकोनी केला तर 20 त्रिकोणांत भागतं, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. दाराच्या मुठी, नळ, कमोड, पाइपांचे फ्लँज यांचा हिशेब याहून वाईट. म्हणून कात्री रेव्हिटमध्येच लावायची.

नकाशासाठी एक वेगळा थ्रीडी व्ह्यू करा. त्यात फर्निचर, सॅनिटरी फिटिंग, सळया आणि फॉल्स सीलिंगच्या वरच्या लाइनी बंद ठेवा, डिटेल लेव्हल कोअर्स (ढोबळ) करा. एक्स्पोर्टला आयएफसी 4 रेफरन्स व्ह्यू घ्या (आयएफसी म्हणजे इमारतीच्या मॉडेलचा खुला फाइल फॉरमॅट), फक्त व्ह्यूमध्ये दिसणारे एलिमेंट पाठवा, भूमितीचा बारकावा ‘लो’वर ठेवा. ‘यूज ॲक्टिव्ह व्ह्यू व्हेन क्रिएटिंग जिऑमेट्री’ हा पर्याय हटकून विसरला जातो. तो लावला नाही तर कोअर्स करण्याचा खटाटोप वाया जातो. आयएफसी 2×3 शक्यतो नको, कारण नकाशाचे निर्देशांक ठेवायला त्यात स्वतंत्र नोंदच नाही. आयएफसी 4 मध्ये ती मॅप कन्व्हर्जन नावाने असते: पूर्व, उत्तर, उंची, आणि मॉडेल किती फिरवायचं ते सांगणारे दोन आकडे. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ही ओळ शोधा. पूर्व-उत्तर शून्य दिसलं तर रेव्हिटमध्ये सर्व्हे पॉइंट (मॉडेलला जमिनीवरच्या खऱ्या जागेशी जोडणारा बिंदू) लावलेलाच नाही. पुढे जाऊ नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. पुण्यातली इमारत ईपीएसजी 32643 या क्रमांकाच्या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएमच्या 43 उत्तर पट्ट्यात येते (नागपूरला 44, म्हणजे 32644). पुण्याची उत्तर दिशेची संख्या सुमारे 20,49,000 मीटर. ग्राफिक्स कार्ड 32 बिटांच्या दशांशात मोजतं आणि एवढ्या मोठ्या आकड्याला त्याची सर्वांत लहान पायरी 12.5 सेंटिमीटरची होते. 20,97,152 च्या पुढे, म्हणजे नाशिककडे, ती 25 सेंटिमीटर. भिंतीचे कोपरे या पायऱ्यांवर जाऊन बसतात: खिडक्या वाकड्या दिसतात, कॅमेरा हलवला की इमारत थरथरते. यावर इलाज एकच. शिरोबिंदू (त्रिकोणांचे कोपरे) इमारतीच्या एका कोपऱ्यापासून मोजलेले छोटे आकडे ठेवा आणि जागेवर नेण्याचं काम टाइलसेटच्या (टाइल्सच्या संचाच्या) ट्रान्सफॉर्म मॅट्रिक्सकडे द्या, कारण ती 64 बिटांत मोजली जाते. रेव्हिटमध्येही भूमिती इंटर्नल ओरिजिनजवळच (मॉडेलच्या स्वतःच्या शून्य बिंदूजवळ) हवी. मोठे आकडे फक्त शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (खऱ्या जागेच्या निर्देशांकांत).

उंचीचा घोळ वेगळा. आर्किटेक्टची प्लिंथ लेव्हल समुद्रसपाटीपासून असते, टाइल्स दाखवणारा ब्राउझरमधला थ्रीडी नकाशा सीझियम लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजतो. महाराष्ट्रात हा फरक साधारण साठ-पासष्ट मीटर आहे आणि उणे आहे. 560 मीटरची लेव्हल तशीच भरली तर इमारत वीसेक मजल्यांइतकी हवेत लटकते. जिऑइड (समुद्रसपाटीच्या पृष्ठाच्या) मॉडेलमधून त्या जागेचा नेमका आकडा काढा. डोळ्यांनी खाली ओढून बसवू नका, पुढची इमारत आली की पुन्हा तेच.

रूपांतराला आयएफसी ओपनशेल या खुल्या सॉफ्टवेअरमधला आयएफसी कन्व्हर्ट पुरतो. आउटपुट जीएलबी (जीएलटीएफ या थ्रीडी फॉरमॅटची बायनरी फाइल), नोडचं नाव म्हणून एलिमेंटचा ग्लोबल आयडी, आणि स्पेस व ओपनिंग वगळलेले. स्पेस राहिल्या तर खोल्या ठोकळ्यांनी भरलेल्या दिसतात. नंतर फाइल हलकी करणारं जीएलटीएफपॅक चालवताना नोडची नावं राखण्याचा पर्याय द्या; तो दिला नाही तर मेश (त्रिकोणांच्या जाळ्या) एकत्र होतात आणि 22 अक्षरी ग्लोबल आयडी गायब होतात. मग भिंतीवर क्लिक करून काहीच कळत नाही. पण प्रत्येक एलिमेंट सुटा ठेवणंही परवडत नाही: 15,000 सुटे मेश म्हणजे दर फ्रेमला जवळपास तितकेच ड्रॉ कॉल (ग्राफिक्स कार्डला चित्र काढण्याचे आदेश). त्यामुळे टाइल बनवताना एकाच मटेरियलचे मेश जोडा आणि प्रत्येक शिरोबिंदूला फीचर आयडी (तो कुठल्या एलिमेंटचा ते सांगणारा क्रमांक) द्या. थ्रीडी टाइल्स 1.1 मध्ये त्याची सोय आहे. बाकीचे गुणधर्म डेटाबेसमध्ये, ग्लोबल आयडीच्या किल्लीने. टाइलमध्ये नाव, मजला, प्रकार एवढंच.

टाइल्सची उतरंड साधी ठेवा: वर बाहेरचं कवच, खाली मजलावार तपशील. जिऑमेट्रिक एरर (टाइल किती मीटरने ढोबळ आहे तो आकडा) अंदाजाने भरू नका. सीझियमचा मूळ 60 अंशांचा कोन, 1920 पिक्सेल रुंद पडदा आणि पडद्यावरच्या चुकीची 16 पिक्सेलची मर्यादा धरली तर टाइलची एरर गुणिले 104 इतक्या मीटरच्या आत कॅमेरा आला की खालची पातळी उतरते. म्हणजे 2 मीटरला साधारण 208 मीटर, अर्ध्या मीटरला 52. कवच ढोबळ असेल तर रिफाइन (खालची पातळी वरचीची जागा घेते की तिच्यात भर घालते ते) ‘रिप्लेस’ ठेवा; कवच अंतिमच असेल आणि आत नुसती भर पडणार असेल तर ‘ॲड’. शेवटच्या पातळीची एरर शून्य.

इमारत आडवी पडली तर अक्ष दोनदा फिरवला गेलाय. जीएलटीएफमध्ये वाय अक्ष वर असतो, थ्रीडी टाइल्समध्ये झेड. हजारपट मोठी दिसली तर मिलिमीटर मीटर समजले गेलेत. तळघरातून माती वर आली तर क्लिपिंग पॉलिगॉनने भूपृष्ठ कापा.

आर्कजीआयएस प्रो हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना रेव्हिट फाइल थेट उघडता येते आणि बिल्डिंग सीन लेयरचं (त्यातल्या इमारतींच्या थ्रीडी थराचं) पॅकेज करता येतं, पण कठड्यांचे त्रिकोण तिथेही तेवढेच.

जागा तपासायला उपग्रहचित्र नको, ते स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. सर्व्हेअरने मोजलेले इमारतीचे तीन कोपरे घ्या, एका रेषेत नसलेले, आणि टाइलसेटवर क्लिक करून आलेल्या निर्देशांकांशी ताडा. तिन्ही सारखेच सरकलेले असतील तर चूक जागेची. एकेक वेगळा सरकला असेल तर आधी फिरवण्याचे ते दोन आकडे पाहा.