लहान विमानाची चाकं उतरली नाहीत तर काय करावं?

बेळगावच्या सांबरा विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या संस्था आल्यापासून मुतगा, बाळेकुंद्री, सुळेभावी या पट्ट्यात लहान विमानांची घरघर रोजची झाली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं-मुलीही आता या शिक्षणाची चौकशी करतात आणि आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘वर काही बिघडलं तर?’ त्यातल्या एका बिघाडाबद्दल हा लेख आहे. शिकणाऱ्यांनी तो वाचावाच, पण वैमानिकाशेजारच्या सीटवर बसणाऱ्याने आणि विमानतळाभोवतीच्या गावकऱ्यांनीही वाचावा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इंजिन बंद पडलं तर हाताशी मिनिटं असतात. चाकं अडकली आणि टाकीत इंधन असलं, तर पुष्कळ वेळ असतो. या बिघाडात माणसं दगावतात ती बहुतेक घाईमुळे किंवा चाकांकडे बघता बघता विमान उडवायचं विसरल्यामुळे.

आधी विमान उडवा

ज्या सेसना १७२ वर पुष्कळांचं शिक्षण सुरू होतं तिची चाकं कायम खालीच असतात. पुढे दोन इंजिनांच्या विमानावर गेलं की आत-बाहेर होणारी चाकं येतात. चाकांचा लिव्हर खाली केल्यावर तीन हिरवे दिवे लागले पाहिजेत, प्रत्येक चाकाचा एक. त्यातला एकही लागला नाही तर उतरणं सोडून द्या. पूर्ण पॉवर द्या, वर चढा, टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या हवाई नियंत्रण कक्षाला, कळवा.

सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. म्हणजे जमिनीपासून हजार फूट उंची ठेवायची तर अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या काट्यावर) साडेतीन हजार दिसले पाहिजेत. घिरट्या घालत थांबायला पूर्वेचा सपाट मुलूख बरा. पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पावसाळ्यात ढग डोंगराला टेकलेले असतात, त्या बाजूला घिरट्या नकोत. टॉवरला नेमकं सांगा: काय झालं, विमानात किती माणसं, किती तासांचं इंधन. तातडी वाटत असेल तर रेडिओवर ‘पॅन-पॅन’ म्हणा, धोका वाटत असेल तर ‘मेडे’. आपली लाज निघेल म्हणून कुणी गप्प बसू नये. टॉवरला जितकं लवकर कळेल तितक्या लवकर फायर ब्रिगेडच्या गाड्या तयार राहतात.

बिघाड चाकात आहे की दिव्यात?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुष्कळदा चाकं खाली आलेली असतात आणि दिवाच गेलेला असतो. शेजारचा पेटलेला बल्ब काढून विझलेल्याच्या जागी लावून पाहा. काही पायपर विमानांत पॅनेलचे दिवे सुरू असले की हे हिरवे दिवे इतके मंद होतात की उन्हात दिसतच नाहीत, म्हणून तो स्विच आधी बंद करा. थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतल्यावर चाकांचा इशारा देणारा हॉर्न वाजतो का, तेही ऐका. वाजला तर चाकातच बिघाड आहे असं धरा.

मग वीज तपासा. मास्टर स्विच, अल्टरनेटर, सर्किट ब्रेकर. ब्रेकर बाहेर आला असेल तर विमानाचं हँडबुक सांगत असेल तरच आत दाबा, तोही एकदाच. पुन्हा बाहेर आला तर तसाच राहू द्या. दाबत राहिलात तर चाकांच्या बिघाडात आगीची भर पडेल.

धावपट्टीवरून कमी उंचीने एक फेरी मारून टॉवरला बघायला सांगता येतं. पण टॉवरवरच्या माणसाला चाक खाली आलेलं दिसतं, ते लॉक झालंय का हे दिसत नाही. ‘तिन्ही खाली दिसतात’ या उत्तराने निर्धास्त होऊ नका, पुढची तयारी तशीच चालू ठेवा.

हाताने चाकं सोडणं

प्रत्येक विमानाची पद्धत निराळी असते. पायपर ॲरोमध्ये आपत्कालीन लिव्हरने हायड्रॉलिक दाब सोडला की चाकं स्वतःच्या वजनाने पडतात. आत ओढल्या जाणाऱ्या चाकांच्या सेसनांमध्ये हातपंप असतो. बोअरवेलच्या हापशासारखा तो नेटाने मारत राहावा लागतो, आणि दांडा जड होईपर्यंत सोडायचा नसतो. जुन्या बीचक्राफ्टमध्ये सीटमागे हँडल असतं, ते पन्नासेक वेढे फिरवायचं. या कामात वैमानिकाची मान खाली जाते, म्हणून शेजारी कुणी असेल तर चेकलिस्ट त्याने मोठ्याने वाचावी.

विमानाचा वेग आधी हँडबुकमधल्या मर्यादेत आणा, कारण वाऱ्याचा जोर चाकांना पूर्ण खाली येऊ देत नाही. तीन हिरवे लागले की लिव्हरला पुन्हा हात लावू नका. ‘एकदा वर घेऊन बघू’ हा विचार मनात येतोच, आणि तो चुकीचा असतो.

पोटावर उतरायची वेळ आली तर

सगळं करूनही चाकं आली नाहीत, तर ठरवून पोटावर उतरायचं. शेत नको, धावपट्टीच घ्या. आपल्याकडची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात ढेकळं होतात. नाक रुतलं तर विमान उलटू शकतं. सांबऱ्याची २,३०० मीटरची पक्की पट्टी असताना दुसरीकडे बघायचं कारण नाही. पट्टी एकच आहे, ती काही तास बंद राहील, प्रवासी विमानं दुसरीकडे वळवावी लागतील. वळवू द्या. त्या संकोचापायी कुणीही वेडावाकडा निर्णय घेऊ नये. एकच चाक खाली अडकलं असेल तर ते वर घ्यायचं की तसंच उतरायचं, हे हँडबुकप्रमाणे ठरवा.

इंधन जाळून वजन कमी करा, पण टाकी रिकामी करू नका. दुसऱ्यांदा फेरी मारण्याइतकं इंधन आणि पुरेसा उजेड, दोन्ही शिल्लक हवेत. पट्टे घट्ट आवळा, चष्मा आणि खिशातली पेनं काढा, जर्किन किंवा उशी चेहऱ्यापुढे घ्या. हँडबुक सांगत असेल तर दरवाजाची खिट्टी आधीच काढून ठेवा, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही.

प्रोपेलर वाचवायला हवेतच इंजिन बंद करायचा मोह होतो. करू नका. इंजिन बदलता येतं, चुकलेला अंदाज सावरायला मात्र पॉवर लागतेच. पट्टी नक्की मिळणार असं झाल्यावर मिक्श्चर (इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधन बंद, मास्टर बंद.

आणि पोट एकदा टेकलं की पुन्हा उडायचा प्रयत्न कधीही नाही. २२ मे २०२० रोजी कराचीत पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचं ए३२० प्रवासी विमान चाकांविना पट्टीवर घासलं आणि पुन्हा उडालं. घासलेली दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमानातले ९७ जण गेले. याउलट ६ मे २०२१ रोजी नागपूरहून उडताना एका बीचक्राफ्ट एअर ॲम्ब्युलन्सचं चाकच निखळलं. वैमानिकाने ती मुंबईला नेली, पट्टीवर फोम टाकला गेला, विमान पोटावर उतरलं आणि रुग्णासह सगळे सुखरूप बाहेर आले.

टायर बसला असेल तर

कायम खाली असणाऱ्या चाकांचाही टायर बसू शकतो. चांगल्या टायरवर आधी टेका, एलेरॉनने (पंखांच्या टोकाकडच्या हलणाऱ्या पट्ट्यांनी) त्या बाजूला भार धरून ठेवा. विमान बसलेल्या टायरकडे ओढतं, ते उलट बाजूच्या रडर (शेपटीच्या सुकाणू) आणि ब्रेकने सरळ ठेवा. पुढचं चाक खराब असेल तर नाक शक्य तितका वेळ वर धरा.

खाली असलेल्यांसाठी

मे २०२३ मध्ये सांबऱ्याजवळ होन्निहाळच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान तातडीने उतरवावं लागलं होतं. असं काही झालं की गाव धावतं, आणि ते चांगलंच आहे. पण ११२ ला फोन आधी करा. विडी-सिगारेट विझवा, पुढून जाऊ नका, थांबलेल्या प्रोपेलरलाही हात लावू नका, तो अचानक फिरू शकतो. माणसं आतून बाहेर काढा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, न्या. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या पोरांना मागे सरकवा. विमानाचा कुठलाही तुकडा उचलू नका, तपासणीसाठी तो पडला तिथेच राहिला पाहिजे.