'आरमार निघालं' अशी बातमी रात्री साडेअकराला आली तर

बाहेरगावची डाक आवृत्ती सुटलेली असते, शहर आवृत्तीचं पहिलं पान अर्धं लागलेलं असतं आणि एजन्सीची ओळ येते : अमक्या देशानं तमक्याच्या किनाऱ्याकडे विमानवाहू नौका धाडली. हात आपोआप ठरलेल्या शब्दांकडे जातो. 'दंड थोपटले', 'सज्जड इशारा', 'रणशिंग फुंकलं'. मार्च १९९६ पासून २०२२ पर्यंत मी आंतरराष्ट्रीय पान लावलं, आणि त्यातली निम्मी वर्षं मीही हेच शब्द वापरले. आता घरी असते. पण डेस्कवरची नवी मुलं अजून रात्री फोन करतात, "ताई, बॉम्बर उडवलेत म्हणे, किती कॉलम देऊ?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

मथळा सुचायच्या आधी नकाशा उघडायचा. हे मी शहाणपणानं सांगत नाही, तोंडावर पडले म्हणून सांगते. ८ एप्रिल २०१७ ला अमेरिकेच्या नौदलानं जाहीर केलं, की 'कार्ल विन्सन' ही विमानवाहू नौका आणि तिचा ताफा सिंगापूरहून उत्तरेकडे निघतोय. रोख उत्तर कोरियावर होता. पुढच्या काही दिवसांत ट्रम्पसाहेबांनी मुलाखतीत 'आरमार' हा शब्द वापरला, आणि मग काय विचारता! आम्ही पाच कॉलम दिले. आमच्या आर्टिस्टनं नकाशा काढून दिला, त्यात सिंगापूरपासून कोरियापर्यंत लालभडक बाण. १५ एप्रिलला प्याँगयांगमध्ये उत्तर कोरियाचे संस्थापक किम इल सुंग यांच्या जयंतीचं संचलन होतं, आणि त्याच दिवशी कार्ल विन्सन जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीतून जात होती. म्हणजे कोरियापासून सुमारे पाच हजार किलोमीटर लांब, आणि चालली होती उलट दिशेला, ऑस्ट्रेलियाबरोबरच्या ठरलेल्या सरावासाठी. हे कुणा हेरानं शोधलं नाही. फोटो अमेरिकन नौदलानंच प्रसिद्ध केला होता. जहाज कोरियाजवळ पोहोचलं ते एप्रिल संपता संपता. दक्षिण कोरियात लोक भडकले, कारण ज्यांच्या भरवशावर राहायचं तेच असे निघाले. उत्तर कोरियानं तोवर १६ तारखेला क्षेपणास्त्र उडवूनही पाहिलं होतं. ते फसलं, पण कार्ल विन्सनच्या धाकानं नव्हे.

तेव्हापासून मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली होती. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. ताफा पंधरा नॉटनं, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैलांनी चालला, तर दिवसाला ३६० सागरी मैल कापतो. सिंगापूर ते बुसान साधारण अडीच हजार सागरी मैल. भागाकार करा, सातेक दिवस आले. आता बातमीतलं क्रियापद बघा. 'आदेश दिला', 'निघाली', 'पोहोचली' आणि 'थांबून राहिली' या चार वेगवेगळ्या बातम्या आहेत. शेवटची बहुधा कुणी छापतच नाही, आणि परराष्ट्र धोरणाच्या हिशेबात तीच सगळ्यात वजनदार असते.

दुसरं काम : मागणी काय आहे ते एका ओळीत लिहून बघा. समोरच्यानं नेमकं काय केलं म्हणजे हे जहाज परत जाणार? ओळ लिहिता आली नाही, तर ते शक्तिप्रदर्शन बहुतेक घरच्या मतदारांसाठी आहे, असं समजायला हरकत नाही.

मागणी छोटी असली की काय होतं, याचा माझा आवडता नमुना म्हणजे १९७६ मधलं एक झाड. दोन्ही कोरियांच्या मधोमध पानमुंजॉमला पॉप्लरचं झाड होतं, त्याच्या फांद्यांमुळे एका चौकीवरून दुसरी दिसत नव्हती. १८ ऑगस्टला फांद्या छाटायला गेलेल्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना उत्तर कोरियाच्या सैनिकांनी कुऱ्हाडींनी मारलं. वॉशिंग्टनमध्ये बॉम्बफेकीपासून सगळे पर्याय बोलून झाले. मग २१ तारखेला सकाळी पुन्हा तिथंच माणसं गेली, करवती घेऊन. वर बी-५२ बॉम्बर घिरट्या घालतायत, समुद्रात 'मिडवे' ही विमानवाहू नौका, मागे तोफा आणि हेलिकॉप्टरं. आणि खाली मूठभर गडी झाड कापतायत. पाऊण तासात काम झालं. उत्तर कोरियाचे सैनिक बघत राहिले. त्याच दिवशी किम इल सुंग यांच्याकडून खेद व्यक्त करणारा निरोप आला. बुंधा मात्र मुद्दाम ठेवला होता, आठवण म्हणून.

इतका लवाजमा आणि मागणी काय, तर एक झाड. ते झाड कापू दिलं म्हणून उत्तर कोरियाचं काही बुडत नव्हतं. सिंहासन जात नव्हतं, सीमा हलत नव्हती. समोरच्याला गप्प बसायला जागा ठेवली की तो गप्प बसतो, हे भाऊबंदकीची भांडणं पाहिलेल्या कुणालाही माहीत असतं. उलट 'अण्वस्त्रं सोडा' असं म्हणत जहाज पाठवलं, तर ती जागाच उरत नाही.

तिसरा प्रश्न जरा क्रूर आहे. तिथं मरू शकेल असं कोण ठेवलंय? १३ ऑगस्ट १९६१ ला पूर्व जर्मनीनं बर्लिनमध्ये काटेरी तारा ओढायला सुरुवात केली; त्याचीच पुढे भिंत झाली. आठवड्यानं, २० तारखेला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दीडेक हजार सैनिक पूर्व जर्मनीनं वेढलेल्या पश्चिम बर्लिनला धाडले, तेही विमानानं नाही, तर पूर्व जर्मनीतून जाणाऱ्या रस्त्यानं. अंतर पावणेदोनशे किलोमीटर, मुंबई-पुण्यापेक्षा थोडं जास्त. स्वागताला उपाध्यक्ष जॉन्सन हजर. भोवती असलेल्या सोव्हिएत फौजेपुढे ही दीड हजार माणसं म्हणजे किस झाड की पत्ती. लढून ती शहर वाचवूच शकली नसती. पण ती मारली गेली असती, तर अमेरिकेला युद्धात उतरावंच लागलं असतं, आणि हे मॉस्कोला कळत होतं. भिंत काही पडली नाही, पण पश्चिम बर्लिन राहिलं. जहाज ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं परत जातं. रस्त्यानं येऊन बराकीत राहिलेल्या सैनिकाला असं निसटता येत नाही. म्हणून बातमीत 'तैनात' हा शब्द आला की विचारा : किती दिवस, कुठं, आणि परत कधी? ब्रुकिंग्ज या अमेरिकन अभ्याससंस्थेनं १९७८ मध्ये अमेरिकेनं असं बळ दाखवल्याच्या २१५ प्रसंगांचा अभ्यास छापला होता, १९४६ ते १९७५ मधल्या. निष्कर्ष असा, की सुरुवातीला हवं तसं घडतं बऱ्याचदा, पण काळ जातो तसा परिणाम ओसरतो. वेळ विकत मिळते, एवढंच. त्या वेळेत मुत्सद्द्यांनी काही केलं तर ठीक.

वेळेचा मुद्दा आपल्याकडच्यांना वेगळा सांगायला नको. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये आपलं सैन्य सीमेवर गेलं. १२ जानेवारीला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी भाषण करून लष्कर-ए-तय्यबा आणि जैश-ए-मोहम्मद यांच्यावर बंदी जाहीर केली. तो दिवस पहिल्या पानावर 'दबावाचा विजय' म्हणून लावण्यासारखा होता, आणि आम्ही लावलाही. १४ मे ला जम्मूजवळ कालुचकचा दहशतवादी हल्ला घडला. सैन्य परत फिरलं ते ऑक्टोबरपासून, दहा महिन्यांनी. सुरुंग पेरताना आणि काढताना जवान गेले, शेतकऱ्यांची शिवारं पडीक राहिली. ती बातमी आत, सातव्या पानावर, एक कॉलम.

मग प्रेक्षक कोण, ते शोधा. माझा डेस्कवरचा पहिलाच आठवडा तैवानचा होता. २३ मार्च १९९६ ला तिथं अध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक. उमेदवार असलेल्या ली तेंग-हुई यांची मतं घटावीत म्हणून चीननं तैवानच्या किलुंग आणि काओश्युंग या बंदरांजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं टाकली. अमेरिकेनं 'इंडिपेंडन्स' आणि 'निमित्झ' अशा दोन विमानवाहू नौका पाठवल्या. मतदारांनी ली यांना ५४ टक्के मतं दिली. म्हणजे चीनचं प्रदर्शन चीनवरच उलटलं. अमेरिकेचं यशस्वी झालं, असं आमच्या तेव्हाच्या वृत्तसंपादकांनी मला शिकवलं आणि मी तसंच छापलं. पण त्या दोन जहाजांकडे सगळ्यात लक्ष देऊन बघणारा प्रेक्षक बीजिंगमध्ये बसला होता, आणि असं पुन्हा आपल्या दारात होऊ द्यायचं नाही हे त्यानं मनात ठेवलं. १९९८ मध्ये एका कंपनीनं युक्रेनकडून 'वर्याग' नावाचा अर्धवट बांधलेला सांगाडा विकत घेतला, मकावमध्ये तरंगता कसिनो करायचा म्हणून. कसिनो काही झाला नाही. २०१२ मध्ये तोच सांगाडा 'लिआओनिंग' या नावानं चीनची पहिली विमानवाहू नौका झाला. प्रदर्शनाचं बिल कधी कधी सोळा वर्षांनी येतं, ते असं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड : 'यशस्वी' आणि 'फसलं' हे दोन्ही शब्द खोडायला शिका. डिसेंबर १९७१ मध्ये मी सात वर्षांची होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत खिडक्यांना खळीनं काळे कागद चिकटवले होते, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. भोंगा झाला की तळमजल्यावरचे काका "कोणाचा दिवा, कोणाचा दिवा" म्हणून ओरडायचे. आणि गच्चीत आम्ही मुलं 'सातवं आरमार' खेळायचो. ज्याच्यावर राज्य, त्यानं अमेरिका व्हायचं.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी सातव्या आरमारातली विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे धाडली, ती आपल्या 'विक्रांत'च्या चौपटीहून मोठी. सांगायचं कारण ढाक्यातल्या अमेरिकनांची सुटका. ती मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून उपसागरात आली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. व्लादिवोस्तोकहून निघालेली सोव्हिएत जहाजं तिच्या मागावर होतीच; ऑगस्टमधला भारत-सोव्हिएत करार असा कामी आला. आपल्याकडे सगळे म्हणतात, सातवं आरमार फुकट गेलं. किसिंजर म्हणत राहिले, की भारतानं पश्चिम पाकिस्तान तोडू नये म्हणून ते पाठवलं होतं, आणि बघा, १७ तारखेपासून भारतानं तिकडेही एकतर्फी युद्धबंदी केली. दिल्लीचं म्हणणं, आम्हाला ते करायचंच नव्हतं. आता कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, की उजाडणारच होतं? न केलेल्या हल्ल्याचा पंचनामा करता येत नाही. शिवाय किसिंजर यांचा एक डोळा चीनवर होता. निक्सन पुढच्याच फेब्रुवारीत बीजिंगला जाणार होते, तेव्हा दोस्ताला, म्हणजे पाकिस्तानला, वाऱ्यावर सोडत नाही हे माओंना दाखवायचं होतं. तो हिशेब जमला असेलही. मला इतकंच ठाऊक, की गच्चीत अमेरिका व्हायला कुणी तयार नसायचं, आणि त्यातली काही मुलं मोठी होऊन सरकारी नोकरीत गेली.

७ एप्रिल २०२१. रात्रपाळी, करोनामुळे निम्मा डेस्क घरून. सातव्या आरमाराचं निवेदन आलं : 'जॉन पॉल जोन्स' ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर, भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, भारताची परवानगी न घेता फिरून आली. दोन देशांची मैत्री तेव्हा ऐन भरात होती. अमेरिका असे फेरे अनेक देशांच्या दाव्यांविरुद्ध मारते, शत्रू असो की मित्र. मुद्दा सागरी कायद्याचा. ते जहाज फिरलं यात फारसं काही नव्हतं. खुपलं ते जाहीर सांगणं, आणि तेही कुणी, तर सातव्या आरमारानं. सोबतचा पोरगा 'अमेरिकेची घुसखोरी' असा मथळा टाईप करून बसला होता. मी त्याला नकाशा उघडायला लावला. आपला प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा, विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासे-खनिजांवर आपला हक्क तो समुद्र, २०० मैलांचं. पहिल्यात शिरणं आणि दुसऱ्यातून जाणं, यात फरक आहे. 'घुसखोरी' खोडलं. 'परवानगीविना फेरी, नंतर जाहीर वाच्यता' असं केलं. दोन दिवसांनी परराष्ट्र खात्यानं नाराजी कळवली.

तीन कॉलम, घडीच्या खाली, नकाशासकट. नकाशात बाण नव्हता.